आक्काच्या उशाशी दोन मॉनिटर

केबलची वायर दातानं सोलणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच बघितला. खिशात पक्कड असायची, कमरेला कटर लटकत असायचा, तरी गडी वायरचं टोक दाढेखाली धरायचा, मान एका बाजूला झटकायचा आणि काळं रबर थू करून आमच्या फरशीवर टाकायचा. आतली तांब्याची तार लाळेनं ओली. ती तशीच टीव्हीच्या मागं खुपसायचा. मला शिसारी यायची. एकदा म्हटलं, "अरे, तो कटर काय लग्नात घालायला ठेवलाईस व्हय?" तर म्हणतो कसा, "दाजी, कटरला किती कापायचं ते कळत न्हाय. दाताला कळतंय."

सगळी गल्ली त्याला केबलआण्णा म्हणायची. खरं नाव काय होतं ते कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. चिकोडीकडच्या खेड्यातला, जैन शेतकऱ्याच्या घरचा. शेतात मन लागेना म्हणून निपाणीत आला आणि खांबाखांबावरनं वायरी ओढत सुटला. आमच्या गल्लीचं आभाळ त्यानं असं करून ठेवलं होतं की कावळ्याला बसायला जागा शोधावी लागत नव्हती आणि माणसाला चंद्र बघायचा म्हटलं तर कोपऱ्यापर्यंत चालत जावं लागायचं.

माझ्या बायकोला, शांताला, तो आक्का म्हणायचा. म्हणून मी दाजी. हे नातं कुणी जोडलं, कधी जोडलं, मला कुणी विचारलं नव्हतं. एकदा वैतागून म्हटलं, "मी तुझ्या कुठल्या भणीला नांदवतोय रं?"

"ही काय, आत चपात्या लाटाय लागलीय," म्हणाला.

आत शांता खळखळून हसली. त्यानं माझं डोकं आणखीच फिरलं. चाळीस वर्षांच्या वर संसार झाला, माझ्या कुठल्या बोलण्याला ती अशी हसल्याचं मला आठवत नाही.

त्याच्या तोंडात कायम तंबाखू. मी हयात तंबाखूच्या वखारीत घालवली. पोती उचलली, शिंकून शिंकून नाक मेलं, पण चिमूटभर कधी तोंडात टाकली नाही, कारण ती कशी पायदळी तुडवतात ते मी बघितलं होतं. आणि हा कांद्याच्या भज्याला हात लावायचा नाही, पण गालफडात गोळी धरून माझ्याशी धर्माच्या गोष्टी बोलायचा. म्हटलं, "कांदा चालत न्हाय आणि तंबाखू चालती व्हय तुझ्या देवाला?"

"कांदा जमिनीच्या खाली येतोय, दाजी. तंबाखू वर येती," म्हणाला. असल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीला डोकं लावलेलं बरं.

दिवस बुडायच्या आत जेवायचं हा त्याचा नेम. नेम चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण काम कुठंवर आलंय हे न बघता तो उठायचा. ऊन खिडकीच्या वर सरकलं की हातातली वायर आहे तिथं सोडायची, "आयतु" म्हणायचं आणि चालायला लागायचं. आयतु म्हणजे झालं. कानडीत म्हटलं म्हणून काम थोडंच होतंय? एकदा आमच्या टीव्हीला आवाज आला, चित्र आलं नाही, आणि हा निघाला. मी ओरडलो. दारातनं म्हणतो, "आज नुसतं ऐका दाजी, उद्या बघा."

आमच्या वरच्या मजल्यावर कानडी घर, खाली आम्ही मराठी. वरच्या आप्पांना संध्याकाळी कानडी मालिका लागायची, शांताला त्याच वेळी मराठी. एका घरचं नीट केलं की दुसऱ्या घरचं जायचं, आणि दोन्हीकडनं त्याला बोलणी बसायची. तो जिन्यात मधोमध उभा राहून दोघांना दोन भाषांत हो म्हणायचा आणि कुणाचंच करायचा नाही. शांता मात्र त्याची बाजू घ्यायची. "दमतंय बिचारं," म्हणायची. खांबावर चढून गल्लीभर लोकांच्या घरात डोकावणारा माणूस काय दमतो, हे मला कधी समजलं नाही.

मग शांताला लकवा मारला. सकाळी देवाला पाणी घालताना तांब्या हातातनं सुटला, आणि मी तांब्यावरनं बोलत बसलो, तिच्याकडं बघितलंच नाही पहिल्यांदा. बेळगावच्या दवाखान्यात ठेवलं. परत आणली तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. राहिले होते डोळे. सोप्यात खाट टाकली, उशी भिंतीकडं. त्यावर ती पडून राहायची आणि डोळे दाराकडं लावायची.

बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्या लोकांबद्दल काय सांगू? केळी आणायची, खाटेच्या पायथ्याशी बसायचं, दोन वेळा च्यक् च्यक् करायचं आणि मोबाइल काढायचा. एक बाई तर तिच्या तोंडावर म्हणाली, "सोन्यासारखी बाई, काय हाल झाले बघा, आता सुटलेली बरी." शांताचे कान शाबूत होते. मी त्या बाईला केळ्यांसकट बाहेर काढली.

आमची एकुलती एक लेक, वैशू, बेंगळूरला कंपनीत होती. दवाखान्याच्या विम्याचे कागद तपासायचं काम. ती लॅपटॉप घेऊन घरी आली आणि खाटेच्या पायथ्याला टेबल लावून आईच्या समोर तोंड करून बसली. त्या दिवशी शांता पहिल्यांदा पोटभर जेवली. लेकीच्या तोंडावरनं तिची नजर हलायची नाही. वैशू कपाळाला आठी घालायची, ही डावी भुवई वर करायची. वैशू जांभई द्यायची, ही पण द्यायची. लेक उठून आत गेली की मात्र घशातनं घरघर आवाज काढायची, हाताची मूठ आपटायची, घास बाहेर टाकायची. औषध नको, डॉक्टर नको, मी तर नकोच. तिला ते तोंड समोर पाहिजे होतं, बस्स.

पण कंपनीला तोंड नको होतं, कागद पाहिजे होते. एका बाजूला दवाखान्याचं बिल, दुसऱ्या बाजूला विम्याचे नियम, मधे लिहायचा फॉर्म, असं तिन्ही एका वेळी बघून काम करायचं असतं म्हणे. लॅपटॉपच्या एवढ्याशा काचेत ते उलटसुलट करताना वैशूचं काम मागं पडायला लागलं. तिच्या साहेबानं सांगितलं, दोन मॉनिटर पाठवतो, ते जोडून ऑफिसात होत होतं तेवढं काम घरनं होऊ दे, नाहीतर परत बेंगळूरला ये. गोड बोलून सांगितलं. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त राग येतो.

खोकी आली. लॅपटॉपला मॉनिटरची वायर घालायचं भोक एकच, आणि मॉनिटर दोन. वैशूनं एक जोडला, तो लागला. दुसरा काळाच. शांतानं डावा हात वर करून खिडकीबाहेरच्या वायरींकडं दाखवलं. मला कळलं ती कुणाला बोलव म्हणतीय. मी मान हलवली, नको म्हणून. तिनं मूठ आपटली.

केबलआण्णा आला. "बर्री, बर्री," करत स्वतःच स्वतःला आत बोलावलं. सगळं बघून हसला. "एवढंच व्हय? आक्का, एका वायरीवर मी अख्खी गल्ली चालवतोय, हे तर दोन टीव्ही हाईत." खिशातनं एक डबी काढली, एक वायर आत, दोन वायरी बाहेर. जोडलं. दोन्ही मॉनिटर लागले. "आयतु," म्हणाला.

वैशूनं बघितलं. दोन्हीवर तेच बिल. डावीकडं तेच, उजवीकडं तेच.

"आण्णा, दोन्हीकडं सारखंच दिसतंय," ती म्हणाली.

"मग? सारखंच दिसाय पाहिजे. एकात मुंग्या दिसल्या आसत्या तर मला बोलायचं."

"मला वेगवेगळं पाहिजे."

तो विचारात पडला. "म्हणजे ह्या घरात मराठी आणि त्या घरात कानडी, तसं?"

"तसंच."

"मग तसं सांगायचं की सुरवातीला! त्याला बॉक्स लागतोय. येगळं चॅनेल पाहिजे तर बॉक्स पायजे. नुसत्या डबीनं होतंय व्हय?" जणू डबी आम्हीच आणली होती.

बॉक्स आणायला कॅम्पातल्या दुकानात, बेळगावला जायचं ठरलं. हा जायला उठला, आणि ज्या खोक्यावर इतका वेळ बूड टेकून बसला होता ते खोकं आतनं कटकन वाजलं. वैशूनं थर्माकोल उपसला. तळाशी कंपनीनं पाठवलेली काळी पेटी होती, दोन मॉनिटरच्या दोन भोकांची. नशीब, फुटली नव्हती. वैशूनं ती लॅपटॉपला जोडली, ऑफिसच्या माणसानं फोनवरनं काय ती परवानगी दिली, आणि दोन काचांत दोन वेगळे कागद उमटले.

"मी म्हटलं नव्हतं, बॉक्स लागतोय?" केबलआण्णा शांताला म्हणाला. ती डाव्या ओठानं हसली. मी बघितलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. मॉनिटर लागले, काम चालू झालं, आणि शांतानं घरघर चालू केली. आम्हाला कळेना काय होतंय. पाणी दिलं, कूस बदलली, डास बघितले. मग मी सहज तिच्या उशाशी बसलो आणि समोर बघितलं. टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी उभे, मागचं काळं प्लास्टिक आमच्याकडं. त्यामागं लेक. केसांचा भांग तेवढा दिसत होता.

टेबल आडवं करून बघितलं, नुसता कान दिसायला लागला. एक मॉनिटर काढून बघितला, दोन दिवसांत साहेबाचा गोड फोन आला. वैशू मध्येमध्ये उठून आईजवळ येऊन बसायची, की तिकडं कागद साचायचे. शांतानं खाणं सोडलं. दुधाचा चमचा ओठाशी नेला की ओठ मिटून घ्यायची. लेक बेंगळूरला गेली तरी तोंड दिसणार नव्हतं आणि इथं बसली तरी दिसत नव्हतं. त्या दोन काळ्या पाठी फोडून टाकाव्यात असं मला वाटायचं. वैशू आत मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. घरं लहान असली की नळाच्या आवाजानं काही झाकत नाही.

केबलआण्णा आपली डबी परत न्यायला आला होता. दारात उभा राहून त्यानं खाटेकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं, परत खाटेकडं. काही न बोलता गेला. मला वाटलं, चला, एवढी तरी अक्कल आहे, बडबड केली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रिल घेऊन हजर. बरोबर लोखंडी ब्रॅकेट, स्टॅंडाजवळच्या एका बंद पडलेल्या खानावळीतनं सोडवून आणलेले, तेलकट, त्यांच्यावर फोडणीचा थर. कुणाला विचारणं नाही, काही नाही. चपला काढून खाटेच्या काठावर उभा राहिला. शांताच्या उशाशी, काळेभोर भेगाळलेले पाय. भिंतीवर देवाचा फोटो होता, तो काढून माझ्या हातात दिला. "ह्यास्नी सैपाकघरात न्या दाजी, तितं वास चांगला येतोय." आणि ड्रिल चालू केलं. नुकताच रंग दिलेली भिंत! विटेचा लाल भुगा आजारी बाईच्या कपाळावर, उशीवर, पापण्यांवर पडायला लागला. मी शिव्या दिल्या. आईवरनं दिल्या, बापावरनं दिल्या. तो म्हणाला, "भुगा पुसा की तुमी तोवर, नुसतं उभं काय ऱ्हायलाय?" मी तिच्याच पदरानं तिचं तोंड झाकलं. पदराखाली ती हसत होती की खोकत होती, मला कळलं नाही.

दोन्ही मॉनिटर त्यानं तिच्या डोक्यावरच्या भिंतीला लावले. टीव्हीची लांब वायर त्याच्याकडं ढिगानं, ती खाटेखालनं टेबलापर्यंत ओढली. आणि उंची? छताला हात लागेल एवढी. खानावळीत टीव्ही लावतात तशी, म्हणजे कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाला पण दिसावा आणि कुणाचा हात लागू नये. हा गडी आयुष्यभर टीव्ही तिथंच लावत आला होता.

"आण्णा, लईच वर झालं," वैशू म्हणाली. "मान दुखंल माझी. हातभर तरी खाली घ्या."

"टीव्ही हितंच आसतोय."

"हा टीव्ही नव्हे वो!"

"लावायच्या वक्ताला सगळं टीव्हीच."

त्यात बाणाचा घोळ झाला. माऊस डावीकडं नेला की बाण उजव्या मॉनिटरवरनं निघायचा. वैशू म्हणाली, थांबा, सेटिंगमधे अदलाबदल करते. हा तोवर भिंतीवरचे मॉनिटरच उचकटून डाव्याचा उजवीकडं, उजव्याचा डावीकडं करून मोकळा. इकडं तिनंही बदललं. बाण परत उलटाच. दोघं एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात ऊन खिडकीच्या वर सरकलं. "आयतु," म्हणाला आणि निघाला. बाणाचं नंतर वैशूनंच बघितलं. उंची राहिली तशीच, कारण ते ब्रॅकेट त्यानं असे ठोकले होते की पैलवान लावला तरी निघाले नसते.

गल्लीत बोलायला लोकांना विषय मिळाला. मरणाला टेकलेल्या बाईच्या उशाचा देव काढून टीव्ही लावला म्हणे. एक जण तर सिनेमा कुठला चालू आहे बघायला आला. मला कुणाला उत्तर द्यायची गरज वाटली नाही, दार लावून घेतलं.

वैशूला मान वर करून काम करावं लागायचं. अक्षरं मोठी करून घेतली होती, तरी संध्याकाळी मानेला तेल चोळत बसायची आणि केबलआण्णाच्या नावानं बोटं मोडायची. पण तोंड वर, आईच्या अगदी समोर. हनुवटीपासून कपाळापर्यंत सगळं उघडं. शांता सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघायची. दूध प्यायला लागली. मऊ भात खायला लागली. वैशू साहेबाशी कानडीत भांडायला लागली की हिचे डोळे मोठे व्हायचे, आणि भांडण जिंकल्यासारखं झालं की माझ्याकडं बघायची, बघा म्हणून. ते दिवस मोजायची मला बुद्धी झाली नाही, चांगलं झालं. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं की दुसरा झटका येणार, आणि तो आला की काही करता येणार नाही.

दुपारची वेळ होती. मी जोत्यावर शेंगा फोडत बसलो होतो. आत वैशू फोनवर साहेबाला काहीतरी इंग्रजीत समजावून सांगत होती, आणि बोलता बोलता मधेच थांबली. लाइट गेली असेल म्हणून मी आत डोकावलो. लाइट होती. दोन्ही मॉनिटर चालू होते. वैशू उभी होती, फोन कानाला तसाच, आणि वर मॉनिटरकडं बघत नव्हती, खाली आईकडं बघत होती. तिनं नंतर सांगितलं, कागद वाचता वाचता तिला आईचे डोळे दिसले, आणि ते आपल्याकडं बघतायत पण आपल्याला बघत नाहीत, हे तिला कळलं. फोनमधनं साहेब हॅलो हॅलो करत होता. शेवटी मी तो फोन घेऊन शेंगांच्या टरफलांत टाकला.

केबलआण्णा आला. खांदा दिला, लाकडं रचायला हात लावला. आणि अग्नी दिल्यावर ऊन कललेलं बघून घरी जेवायला गेला. त्या दिवशीसुद्धा. माझ्या एका चुलत्यानं त्यावर नाक मुरडलं. मी पण मुरडलं.

दिवसकार्य झालं. वैशूला बेंगळूरला बोलावणं आलं, मॉनिटर खोक्यात घालून परत पाठवायचे होते. ब्रॅकेट माझ्यानं हलेनात, म्हणून त्याला बोलावला. आला तो म्हाताऱ्यासारखा दिसत होता. म्हणाला, धंदा बंद केलाय, लोक मोबाइलवर बघतात सगळं, गावाकडं जाऊन ऊस लावतो. तुमची वायर पण आज काढून नेतो. आता निपाणीत काही काम राहिलं नाही.

रिकाम्या खाटेवर उभं राहायला तो घाबरला. स्टूल मागितलं. मॉनिटर उतरवले, ब्रॅकेट सोडवले, भोकांत बोट घालून भुगा बाहेर काढला. मग स्टुलावर उभा राहूनच मला विचारलं,

"दाजी, आक्का शेवटाला कुठं बघत होत्या?"

"वैशूकडं."

"तोंडाकडं?"

"व्हय रं बाबा. तोंडाकडंच."

त्यानं भोकांकडं बघितलं, मग टेबलाकडं, जिथं वैशू बसायची तिकडं.

"मग उंची बराबर होती," म्हणाला.

ब्रॅकेट पिशवीत टाकले आणि खाली उतरला. बायको गेलेल्या माणसाला सांगायची गोष्ट ही? मी शिवी द्यायला तोंड उघडलं, चांगली ठेवणीतली काढली होती. तो चपला घालेपर्यंत मी तसाच तोंड उघडं टाकून उभा होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मान डोलावली आणि जोतं उतरून गेला.